पुण्ण : सोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याचे स्मरण

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहराला लागून, कामवारी नदीच्या काठी शेलार हे गाव वसलेले आहे. भिवंडीहून वाड्याकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. आज हा सारा परिसर यंत्रमागाच्या आवाजाने ओळखला जातो. परंतु प्राचीन काळाचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवला, तर या भूभागाचे स्थान निराळ्या रीतीने ध्यानात येते. येथून आग्नेयेस कल्याण आणि पश्चिमेस सोपारा ही अपरान्ताची दोन प्रख्यात व्यापारी नगरे होती. घाटावरून उतरणारा माल कल्याणला येई आणि समुद्रावरून येणारा माल सोपाऱ्याच्या बंदरात उतरे. या दोन नगरांमधील प्रदेशात धम्माचा संचार किती दीर्घकाळ होता, याची साक्ष भिवंडी तालुक्यातीलच लोनाडचे बौद्ध लेणे देत आहे.

पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा सातवाहन व क्षहरात राजांची नावे घेतो. ती घेतली पाहिजेत, यात शंका नाही. तथापि कान्हेरी, जुन्नर, कार्ले, कुडा येथील शिलालेख वाचू लागले, म्हणजे राजांच्या नावांपेक्षा सोनार, लोहार, सुतार, गंधी, माळी, मणिकार आणि वाणी यांचीच नावे अधिक भेटतात. हे लोक घरदार असलेले, हाताने कष्ट करून किंवा दुकान चालवून पोट भरणारे होते. शिलालेख त्यांचे नाव, गाव आणि धंदा सांगतो. क्वचित पित्याचे किंवा पुत्राचे नाव सांगतो. आणि तेथेच थांबतो. त्यांचे जीवन कसे होते, कुटुंबाशी त्यांचा व्यवहार कसा होता, श्रद्धा त्यांच्या ठायी कशी उत्पन्न झाली, हे दगड सांगत नाही.

या वर्गातील एका मनुष्याचे चरित्र मात्र वाङ्मयात टिकून राहिले आहे. तो म्हणजे अपरान्ताचा व्यापारी पुण्ण, संस्कृत परंपरेतील पूर्ण. त्याच्या चरित्राचा परामर्श घ्यावा आणि ते शिलालेखांतील कारागिरांच्या शेजारी ठेवून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. धम्माचा मार्ग म्हणजे कुटुंब व धंदा यांकडे पाठ फिरविणे, असा एक समज आजही आढळतो. पुण्णाच्या कथेतून या समजाला कितपत आधार मिळतो, हे आम्हांस तपासावयाचे आहे.

साधने

पुण्णाविषयीची माहिती तीन थरांत उपलब्ध आहे. पहिला थर मूळ तिपिटकाचा. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्त हे १४५ वे सुत्त आहे आणि जवळजवळ त्याच आशयाचे सुत्त संयुत्त निकायाच्या सळायतन संयुत्तातही आले आहे. थेरगाथेत त्याच्या नावावर एक गाथा आहे. या थरात पुण्ण हा भिक्खू आहे. त्याच्या पूर्वायुष्याविषयी एक अक्षरही नाही.

दुसरा थर अट्ठकथांचा. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात जुन्या अट्ठकथांच्या आधारे पपञ्चसूदनी आणि सारत्थप्पकासिनी या टीका सिद्ध केल्या. त्यांत पुण्ण हा सुनापरन्त जनपदातील वाणिजगाम नावाच्या गावचा व्यापारी होता, अशी कथा येते.

तिसरा थर संस्कृत दिव्यावदानाचा. यातील पूर्णावदान हे सर्वांत विस्तृत असून त्यात पूर्णाचे गाव शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, असे स्पष्ट सांगितले आहे. फ्रेंच पंडित युजीन बुर्नूफ यांनी १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या कथेचा अनुवाद दिला, तर मूळ संस्कृत ग्रंथ कॉवेल आणि नील यांनी १८८६ साली संपादून प्रसिद्ध केला.

या तीन थरांचे मूल्य सारखे नाही. आकाशमार्गे येणे, यक्षांनी वादळ उठविणे इत्यादी प्रसंग श्रद्धेच्या भाषेतील आहेत. परंतु कथाकार चमत्कार सांगत असतानाही ज्या समाजात तो राहतो, त्या समाजातील दुकान, भागीदारी, वाटणी, श्रेणी यांचे नियम त्याच्या लेखणीतून सहज उतरतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भाग मोलाचा आहे.

दासीपुत्र पूर्ण

शूर्पारकात भव नावाचा एक श्रीमंत गृहपती होता, असे पूर्णावदान सांगते. त्याला भविल, भवत्रात आणि भवनंदी असे तीन पुत्र होते. पुढे भव आजारी पडला. आजारपणात त्याची वाणी कठोर झाली आणि पत्नी व पुत्र यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. घरातील एका दासीने मात्र त्याची शुश्रूषा करून त्याला बरे केले. या दासीच्या पोटी भवापासून जो पुत्र झाला, तोच पूर्ण.

मोठे तिघे भाऊ माल भरून समुद्रपर्यटनास गेले. धाकट्या पूर्णाला पित्याने पेढीवर बसविले. भाऊ परतल्यावर प्रत्येकाची मिळकत मोजली गेली, तेव्हा घरी राहून दुकान चालविणाऱ्या पूर्णाने न्यायाने मिळविलेले धनही कमी नव्हते. पित्याने मृत्युसमयी पुत्रांना एकोप्याने राहण्याचा उपदेश केला. जळती लाकडे एकत्र असतात तोवर अग्नी पेटता राहतो, वेगळी केली की तो विझतो, असा त्या उपदेशाचा आशय होता. सर्वस्व सोडावे लागले तरी पूर्णाला अंतर देऊ नकोस, असे त्याने ज्येष्ठ पुत्र भविल याला बजावले होते.

पित्याच्या पश्चात घर फुटले. कथाकार याचे खापर धाकट्या भावांच्या बायकांच्या माथी मारतो. स्त्रियांविषयीचा हा त्या काळच्या लेखकाचा पूर्वग्रह मानावा, असे आमचे मत आहे. कारण वाटणीचा हिशेब भावांनीच मांडला, हे त्याच कथेत नमूद आहे. त्या हिशेबाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. वाटे तीन करण्यात आले. पहिल्यात घर आणि शेत, दुसऱ्यात दुकान आणि परदेशी गेलेला माल, आणि तिसऱ्यात पूर्ण. दासीच्या पुत्राला वाटा कोण देणार, असा प्रश्न करून भावांनी पूर्णाला वाटेकऱ्यांत न धरता वाटावयाच्या वस्तूंत धरले.

भविलाने घर, शेत, दुकान यांपैकी काहीही न मागता पूर्णाला मागून घेतले. परिणामी त्याला, त्याच्या पत्नीला आणि मुलांना नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडावे लागले. मुले भुकेने रडू लागली, तेव्हा वहिनीने जवळचे किरकोळ नाणे पूर्णाच्या हाती दिले. पूर्ण बाजारात गेला. समुद्राने किनाऱ्याला टाकलेले सरपण वाहून आणणारा एक मनुष्य थंडीने कुडकुडत असलेला त्याला दिसला. त्या मोळीत गोशीर्ष चंदनाचे खोड आहे, हे पूर्णाच्या जाणत्या नजरेने ओळखले. त्या खरेदीतून भावाचे कुटुंब पुन्हा उभे राहिले.

धन येताच पूर्ण वेगळा झाला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. ज्या कुळाने त्याला वस्तू म्हणून मोजले, त्या कुळाचे तो काहीच देणे लागत नव्हता. तरीही त्याने मिळकत भविलाच्या घरात आणली. कुटुंब म्हणजे काय, याची या कथेतील कल्पना रक्ताच्या नात्यापेक्षा निराळी आहे. भविलाने संपत्ती सोडून भाऊ स्वीकारला आणि पूर्णाने ते नाते आयुष्यभर सांभाळले.

श्रेणी आणि एकटा व्यापारी

याच अवदानातील आणखी एक प्रसंग आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परदेशाहून ५०० व्यापारी माल घेऊन शूर्पारकास आले. नगरातील व्यापाऱ्यांच्या संघाने असा नियम केला होता की, असा माल कोणी एकट्याने खरेदी करू नये. सर्वांनी मिळून करावा. पूर्ण एकटा गेला, १८ लाख सुवर्णांना सौदा ठरविला आणि ३ लाख विसार देऊन मालावर आपली मुद्रा उठविली. संघाने त्याला ६० कार्षापणांचा दंड केला आणि तो वसूल होईपर्यंत त्याला उन्हात उभे केले.

प्रकरण राजापुढे गेले. राजाने एकच गोष्ट विचारली. हा नियम केला तेव्हा पूर्णाला किंवा त्याच्या भावाला बोलाविले होते काय? बोलाविले नव्हते, असे संघाला कबूल करावे लागले. ज्यांना विचारले नाही, त्यांना तो नियम लागू होत नाही, असा निर्णय झाला आणि पूर्ण सुटला. पुढे राजाला त्याच मालाची गरज पडली, तेव्हा संघाला तो दुप्पट मोलाने पूर्णाकडून घ्यावा लागला.

श्रेणींची शक्ती, त्यांचे लिखित-अलिखित करार, विसार देऊन माल अडविण्याची पद्धत आणि श्रेणीबाहेरच्या माणसाची कोंडी, या सर्वांचे चित्र येथे आले आहे. दासीपुत्राला घरात वाटा नाही आणि बाजारात मत नाही, हा कथेतील अंतर्गत धागा वाचकांच्या लक्षात येईलच.

धम्मश्रवण आणि हिशेबाची पूर्तता

पूर्णाने ६ वेळा समुद्रप्रवास यशस्वी केला. सातव्या वेळी त्याच्या जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी होते. ते रात्री आणि पहाटे उदान, पारायण, स्थविरगाथा, मुनिगाथा, अर्थवर्गीय सूत्रे इत्यादींचे सस्वर पठण करीत. ही गीते फार सुंदर आहेत, असे पूर्ण म्हणाला, तेव्हा ही गीते नसून बुद्धवचन आहे, असे त्याला सांगण्यात आले. बुद्ध हा शब्द त्याने प्रथमच ऐकला आणि त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

या प्रसंगाकडे आम्ही अभ्यासकांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. अपरान्ताच्या या मनुष्यापर्यंत धम्म पोहोचला तो जहाजावरील सामान्य व्यापाऱ्यांच्या मुखाने. सुत्ते मुखोद्गत असणारे, दिवसभर धंदा करून पहाटे पठण करणारे उपासक कथाकाराला परिचित होते, असे यावरून दिसते.

पालि अट्ठकथेत हाच प्रसंग निराळा आहे. तेथे दोन भाऊ आहेत. पाचशे गाड्यांचा तांडा घेऊन कधी थोरला तर कधी धाकटा बाहेर पडे आणि दुसरा घर सांभाळी. थोरल्या पुण्णाचा तांडा एकदा सावत्थीला जेतवनाजवळ उतरला. सकाळच्या भोजनानंतर नगरातील लोक शुभ्र वस्त्रे परिधान करून, गंधपुष्पे घेऊन जाताना त्याला दिसले. चौकशी केल्यावर तोही त्यांच्या मागोमाग विहारात गेला, धम्म ऐकला आणि त्याच्या मनात प्रव्रज्येचा विचार आला.

यानंतर अट्ठकथेने दिलेला एक बारीक तपशील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी पुण्णाने बुद्धप्रमुख भिक्खुसंघाला महादान दिले. मग त्याने आपल्या भांडाऱ्याला बोलावून घेतले. कोणता माल विकला गेला आणि कोणता शिल्लक आहे, हे त्याने सांगितले आणि ते सर्व धाकट्या भावाच्या स्वाधीन करण्यास बजावले. हे झाल्यानंतरच तो प्रव्रजित झाला. दिव्यावदानातही तो प्रथम घरी परततो, भविलाला सर्व सांगतो, धन त्याच्या हवाली करतो आणि मगच श्रावस्तीची वाट धरतो.

दोन भिन्न परंपरा, दोन भिन्न कथा. परंतु दोन्हींत पुण्णाने हिशेब पुरा केल्यावाचून घर सोडलेले नाही. घरी असलेल्या भावाला अंधारात ठेवून तांडा वाऱ्यावर सोडणे, हा वैराग्याचा मार्ग या परंपरांना मान्य नव्हता.

सुनापरन्तास परत

भिक्खू झाल्यावर पुण्णाचे चित्त ध्यानात स्थिरावेना. हा प्रदेश आपल्याला मानवत नाही, आपण स्वतःच्या देशी जावे, असे त्याला वाटले, असे अट्ठकथा सांगते. येथून पुण्णोवाद सुत्ताचा प्रारंभ होतो. भगवंतांनी त्याला थोडक्यात उपदेश केला. डोळ्यांना रूप, कानांना शब्द, अशा सहाही इंद्रियांच्या विषयांत जो रमतो आणि गुंततो त्याला दुःख उत्पन्न होते, जो गुंतत नाही त्याचे दुःख निरुद्ध होते, हे त्या उपदेशाचे सार आहे. रंगारूपावरून आणि गंधावरून मालाची पारख करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या मनुष्याला नेमका हा उपदेश मिळावा, हे उचितच म्हटले पाहिजे.

त्यानंतरचा संवाद सर्वश्रुत आहे. सुनापरन्ताचे लोक उग्र आहेत, ते शिव्या देतील तर काय करशील, असे भगवंतांनी विचारले. त्यांनी हाताने मारले नाही म्हणून ते भले आहेत असे समजेन, असे पुण्णाने उत्तर दिले. मग हाताने मारले तर, ढेकळाने मारले तर, काठीने, शस्त्राने मारले तर, असे प्रश्न येत गेले आणि प्रत्येक वेळी पुण्णाने त्याहून मोठी इजा केली नाही यातच लोकांचे भलेपण पाहिले. प्राणच घेतले तर, या शेवटच्या प्रश्नालाही तो डगमगला नाही. अशा संयमाने युक्त असलेला तू सुनापरन्तात राहण्यास समर्थ आहेस, असे सांगून भगवंतांनी त्याला निरोप दिला.

हे उग्र लोक म्हणजे पुण्णाचेच देशबांधव होते. ज्या बाजारात त्याने उमेदीची वर्षे काढली, तेथेच तो भिक्षापात्र घेऊन परत जात होता. त्या एकाच वर्षावासात त्याने ५०० उपासक आणि ५०० उपासिका धम्मात प्रतिष्ठित केल्या, असे सुत्त सांगते. आकडा परंपरेचा ठोकळ आकडा आहे, हे मान्य करू. परंतु उपासिकांची संख्या उपासकांइतकीच सांगितली आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. धम्माची दीक्षा घरांना मिळाली, सुट्या पुरुषांना नव्हे, असा त्याचा अर्थ होतो.

चंदनाची शाळा

अट्ठकथेनुसार पुण्ण थेर वाणिजगामात भिक्षेसाठी गेले, तेव्हा धाकट्या भावाने त्यांना ओळखले, भोजन दिले आणि तेथेच राहण्याची विनंती केली. निरनिराळ्या ठिकाणी राहून पाहिल्यावर अखेरीस त्यांनी मकुलकाराम निवडला. कारण तो गावापासून फार दूर नव्हता आणि फार जवळही नव्हता. पुढे धाकटा भाऊ ५०० व्यापाऱ्यांबरोबर समुद्रावर निघाला. निघण्याच्या दिवशी त्याने थोरल्याकडून शील ग्रहण केले. रक्तचंदनाच्या बेटावर व्यापाऱ्यांनी जहाज चंदनाने भरले, तेव्हा तेथील यक्ष कोपले आणि वादळ उठले. प्रत्येकाने आपापल्या देवतेचे स्मरण केले. धाकट्याने थोरल्या भावाचे केले. थेर तेथे प्रकट झाले आणि जहाज वाचले. दिव्यावदानात हाच प्रसंग भविलाच्या बाबतीत सांगितला आहे.

सुखरूप परतल्यावर व्यापाऱ्यांनी पत्नींसह त्रिशरण घेतले आणि चंदनाचा एक वाटा थेरांपुढे ठेवला. थेरांनी तो स्वतःसाठी घेतला नाही. त्या चंदनाची शाळा बांधून तेथे भगवंतांना निमंत्रित करावे, असे त्यांनी सुचविले. दिव्यावदानातही शूर्पारकात चंदनाचा प्रासाद उभारल्याची आणि भगवंत तेथे आल्याची कथा आहे.

सरपणाच्या मोळीतील चंदनाने भावाची चूल पेटली आणि शेवटी चंदनाचीच शाळा संघासाठी उभी राहिली, असा दिव्यावदानाच्या कथेचा प्रवास आहे. पूर्णाने आपले व्यापारी कसब कमी लेखले नाही. त्या कसबाचे फळ कोठे जावे, एवढेच त्याने बदलले.

कथा आणि भूमी

भगवान बुद्ध सोपाऱ्यास प्रत्यक्ष आले होते, असे इतिहासाच्या कसोटीवर म्हणता येत नाही. सुनापरन्त कोठे होते, याविषयीही एकमत नाही. ब्रह्मदेशातील परंपरा ते आपल्या देशात असल्याचे मानते. तथापि दिव्यावदानाने घेतलेले शूर्पारकाचे नाव, सुनापरन्त या शब्दातील अपरान्त आणि अट्ठकथेत परतीच्या वाटेवर येणारी नम्मदा म्हणजे नर्मदा नदी, यांचा एकत्र विचार करता पश्चिम किनाऱ्याचा पक्ष आम्हांस अधिक बळकट वाटतो.

सोपाऱ्याचे महत्त्व तर स्वतंत्र पुराव्यांनी सिद्ध आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. जवळच्याच भुईगाव येथे १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा सापडला. १८८२ सालीच भगवानलालांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्यात दगडी करंडक, त्याच्या आत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, स्फटिक, सोने इत्यादींचे करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या ८ कांस्यमूर्ती आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे मिळाले. २०१४ साली नवा जिल्हा झाल्यापासून हे स्थळ पालघर जिल्ह्यात मोडते. या स्तूपाला स्थानिक लोक बुरुड राजाचा कोट म्हणत आले आहेत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारा कारागीर. स्तूपाचा धर्म विस्मृतीत गेल्यावरही लोकांच्या जिभेवर त्याचा धनी म्हणून एका कारागिराचेच नाव राहावे, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

घरी राहिलेले पुण्ण

पुण्णाने अखेर प्रव्रज्या घेतली. परंतु ज्यांनी ती घेतली नाही, त्या गृहस्थ कारागिरांचे काय? येथे शिलालेख आपल्या साहाय्यास येतात. हे लेख बुद्धकाळानंतर काही शतकांनी, स्थूलमानाने इसवी सनाच्या आरंभाच्या मागेपुढे कोरले गेले.

कल्याणचा नंद नावाचा लोहार होता. त्याने कान्हेरीच्या डोंगरावर भिक्खूंसाठी वाट करून दिली. कल्याणचाच सोनार स्वामिदत्त याने कान्हेरीत पाण्याचे टाके दिले. सोपाऱ्याच्या नागपालित या मणिकाराचे दानही कान्हेरीत नोंदलेले आहे. घाटापलीकडे जुन्नरजवळ लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले आहे. तो हैरण्यिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याचा पुत्र होता. सोपाऱ्याच्या गोविंददासाने नाणेघाटात वाटसरूंसाठी पाण्याची पोढी दिली. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी धेनुकाकटच्या दोघांची नावे आहेत. एक सिंहदत्त नावाचा गंधी आणि दुसरा वेणुवासाचा पुत्र सामी नावाचा सुतार. सामीने तेथे हाताने काम केले आणि त्याचे नावही तेथे कोरले गेले.

या दानांचे स्वरूप पाहावे. लोहाराने वाट दिली, सोनाराने पाणी दिले. दाता श्रीमंत असो वा नसो, भिक्खूच्या आणि वाटसरूच्या नित्य गरजेची वस्तू त्याने निवडली. पुष्कळ लेखांत दान सपरिवार केल्याचे सांगितले आहे. माता, पिता, पत्नी, पुत्र, कन्या यांचा त्यात निर्देश येतो. पुणे जिल्ह्यातील शेलारवाडीच्या लेण्यात धेनुकाकटच्या उसभणक नावाच्या शेतकरी कुटुंबप्रमुखाच्या पत्नीने, सियागुतनिकेने, आपल्या नंद नावाच्या पुत्रासह लेणे दिल्याची नोंद आहे. (ही शेलारवाडी मावळातील असून भिवंडीच्या शेलारहून भिन्न आहे.) दान करणारी ती स्वतः आहे. पूर्णावदानाने घर फोडणाऱ्या म्हणून रंगविलेल्या स्त्रियांना हे शिलालेख परस्पर उत्तर देतात.

भिवंडीच्या वाचकांना जवळचा वाटेल असा आणखी एक लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. नहपानाचा जावई उषवदात याने संघासाठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली, ती गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २००० दरमहा शेकडा १ दराने आणि दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि त्यातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. राजकुळातील मनुष्य आपले धन विणकरांच्या सचोटीवर विश्वासून ठेवतो आणि विणकर ते पिढ्यानुपिढ्या सांभाळतील अशी अपेक्षा बाळगतो. ही पत धंद्यातील प्रामाणिकपणाने मिळविलेली होती.

धम्मातील दुकानदार

याला धम्मवाणीचा आधारही आहे. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात भगवंतांनी यशस्वी दुकानदाराची तीन लक्षणे सांगितली आहेत. त्याला मालाची आणि किमतीची दृष्टी असावी, खरेदी-विक्रीचे कौशल्य असावे आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास असावा. हा आपल्या बायकामुलांचे पोषण करील आणि आपले धनही परत करील, अशी सावकारांना त्याची खात्री वाटावी. या दृष्टांताने भगवंत भिक्खूंना उद्योगाचा उपदेश करतात. कुटुंब पोसणे हा येथे पत असलेल्या माणसाचा गुण मानला आहे. कोलिय कुळातील दीघजाणू याने आम्ही पुत्रकलत्रांच्या गराड्यात राहणारे गृहस्थ आहोत, आम्हांला हिताचे सांगा, अशी विनंती केली, तेव्हा उद्योग, मिळकतीचे रक्षण, सन्मित्रांची संगत आणि जमाखर्चाचा समतोल या चार गोष्टी भगवंतांनी सांगितल्या. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार गोष्टी त्यांनी त्यानंतर जोडल्या. कोणताही धंदा मात्र चालेल असे नाही. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य आहे.

यावरून आमचा निष्कर्ष असा की, पुण्णाचे चरित्र गृहत्यागाचे असले तरी ते कुटुंबद्रोहाचे नाही. वाटणीत वस्तू ठरलेल्या माणसाने घर सावरले, हिशेब भावाच्या हाती दिला, मग घर सोडले आणि आपल्याच लोकांत परत येऊन त्यांना शीलाची वाट दाखविली. त्याच भूमीवर पुढे नंद लोहार, स्वामिदत्त सोनार, सामी सुतार हे घरी राहिले, धंदा करीत राहिले आणि आपल्या कमाईतून संघाला वाट, पाणी आणि निवारा देत राहिले. अपरान्तातील धम्म या दोन प्रकारच्या माणसांनी मिळून उभा केला.

शेलारसारख्या गावांत आजही अशी माणसे आहेत आणि होऊन गेली आहेत. मागावर, लेथवर, सुतारकामावर किंवा छोट्या दुकानावर ज्यांनी संसार केला, मुलांना शिकविले आणि विहाराच्या भिंतीसाठी रोजच्या कमाईतला वाटा काढून ठेवला, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपण त्यांचे गुण बोलतो आणि काही वर्षांत विसरतो. कान्हेरीचा लोहार दोन हजार वर्षे टिकला, कारण कोणीतरी त्याचे नाव, गाव, धंदा आणि दान या चार गोष्टी लिहून ठेवल्या. प्रत्येक विहाराने एक वही घालून आपल्या दिवंगत उपासक-उपासिकांविषयी या चार गोष्टी आणि त्यांच्या कुटुंबीयांची नावे नोंदवावीत, अशी आमची सर्व वाचकांस विनंती आहे. त्यासाठी शिलालेख कोरण्याची आवश्यकता नाही. एक वही आणि ती जपणारा एक मनुष्य पुरेसा आहे.